तांबड्या पेशींचा अहवाल: शब्द, आकडे आणि त्यांमागचे कारण

रक्ताची सर्वांत जास्त वेळा होणारी तपासणी म्हणजे सीबीसी. ताप उतरत नाही, शस्त्रक्रिया ठरली आहे, बाईला दिवस गेले आहेत, मुलाचे वजन वाढत नाही, किंवा नुसता थकवा आहे. चिठ्ठीवर पहिली तपासणी बहुधा हीच असते. जांभळ्या झाकणाच्या छोट्या नळीत दोन-तीन मिलिलिटर रक्त जाते आणि संध्याकाळपर्यंत वीस-पंचवीस आकड्यांचा कागद हाती येतो. त्यातला एकच आकडा बहुतेक घरांत वाचला जातो, तो हिमोग्लोबिनचा. तो कमी दिसला की बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे आणि औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली लोहाची बाटली सुरू होते.

हिमोग्लोबिन कमी असणे हे निदान नव्हे, ते लक्षण आहे. ते कशामुळे कमी झाले, याचा माग त्याच कागदावरच्या बाकीच्या आकड्यांत आणि शेऱ्याच्या जागी लिहिलेल्या अवघड शब्दांत बऱ्याचदा असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षांची 67 टक्के मुले रक्तक्षयी आढळली. ज्या देशात हा आजार इतका घरोघरी आहे, तिथे हा कागद वाचण्याची रीत डॉक्टरांपुरती राहून चालणार नाही.

शब्दांचे शेवट काय सांगतात

वैद्यकातले बहुतेक शब्द ग्रीक आणि लॅटिन तुकड्यांचे बनलेले असतात. पुढचा तुकडा अवयव किंवा पेशी सांगतो, शेवटचा तुकडा तिथे काय घडले ते सांगतो. आपल्याला ही रीत परकी नाही. रक्तक्षय, मधुमेह, हृदयशूल हे शब्द याच पद्धतीने घडले आहेत. म्हणून शब्द पाठ करण्यापेक्षा दहा-बारा शेवट ओळखता आले तरी बराच उलगडा होतो.

‘-ीमिया’ म्हणजे रक्तातली स्थिती. ॲनिमियात पुढचा ‘ॲन’ अभाव दाखवतो, हायपोग्लायसेमियात रक्तातली साखर कमी असते, युरेमियात रक्तात युरिया साठलेला असतो. ‘-युरिया’ हा शेवट मात्र लघवीशी संबंधित आहे: हिमॅच्युरिया म्हणजे लघवीतून रक्त जाणे. ‘-पेनिया’ म्हणजे संख्येतली तूट. डेंग्यूच्या दिवसांत घरोघरी पोहोचलेला थ्रॉम्बोसायटोपेनिया म्हणजे प्लेटलेटची तूट, ल्युकोपेनिया म्हणजे पांढऱ्या पेशींची, आणि पॅनसायटोपेनिया म्हणजे तिन्ही पेशींची. शेवटचा शब्द अहवालात दिसला तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये, कारण तिन्ही पेशी जिथे तयार होतात त्या अस्थिमज्जेतच बिघाड असण्याची शक्यता तपासावी लागते.

‘-सायटोसिस’ बहुधा पेशींची वाढ दाखवतो. ल्युकोसायटोसिसमध्ये पांढऱ्या पेशी वाढतात, थ्रॉम्बोसायटोसिसमध्ये प्लेटलेट. पण ‘-ओसिस’चा मूळ अर्थ ‘अवस्था’ एवढाच आहे, आणि तांबड्या पेशींच्या शेऱ्यात हा फरक महत्त्वाचा ठरतो. ॲनायसोसायटोसिस म्हणजे पेशी लहानमोठ्या असणे, पॉइकिलोसायटोसिस म्हणजे त्यांचे आकार वेडेवाकडे असणे. दोन्हींत संख्या वाढल्याचा काही संबंध नाही. ‘-लिसिस’ म्हणजे फुटणे. हिमोलिसिसमध्ये तांबड्या पेशी वेळेआधी फुटतात. ‘-पोएसिस’ म्हणजे घडणे. त्यावरूनच मूत्रपिंडात तयार होणाऱ्या आणि तांबड्या पेशी घडवायला लावणाऱ्या एरिथ्रोपोएटिनचे नाव आले. म्हणून जुन्या मूत्रपिंडविकारात हिमोग्लोबिन उतरते आणि केवळ लोह देऊन ते पुरते भरून येत नाही.

‘-फिलिया’ हा शेवट सर्वांत जास्त गोंधळात टाकतो. त्याचा अर्थ ओढ. इओसिनोफिलियात इओसिन या तांबूस रंगाची ओढ असलेल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात. ॲलर्जीत किंवा जंत झाल्यावर असे होते. हिमोफिलियात मात्र पेशी वाढत नाहीत, तो रक्त न गोठण्याचा आनुवंशिक आजार आहे. आणि थॅलेसेमियाच्या नावात तर ग्रीक भाषेतला समुद्र आहे, कारण तो प्रथम भूमध्य समुद्राकाठच्या कुटुंबांत ओळखला गेला. थोडक्यात, शेवट वाचून शब्दाची दिशा कळते. नेमका आजार कळायला आकडे लागतात.

पेशी आणि तिचे आयुष्य

तांबडी पेशी म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्यभागी दबलेली, सात-आठ मायक्रॉन व्यासाची चकती. तिच्यात केंद्रक नसते. हिमोग्लोबिनला जास्तीत जास्त जागा मिळावी आणि अरुंद केशवाहिनीतून वाकून जाता यावे, अशी ही रचना आहे. ती साधारण 120 दिवस जगते, आणि जाणाऱ्या पेशींची जागा भरण्यासाठी अस्थिमज्जा दर सेकंदाला सुमारे 20 लाख नव्या पेशी रक्तात सोडते. या कामाला लोह, फोलिक ॲसिड, बी-12 जीवनसत्त्व, प्रथिने आणि मूत्रपिंडाचा निरोप असे सगळे लागते. यांतले काहीही कमी पडले, पेशी वेळेआधी फुटल्या, किंवा रक्त शरीराबाहेर गेले की हिमोग्लोबिन उतरते. निर्मिती अपुरी, नाश जास्त किंवा रक्तस्राव: रक्तक्षयाची सगळी कारणे या तीन वाटांवर मांडता येतात.

मोजलेले आकडे, काढलेले आकडे

जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने पुरुषांत 13, गरोदर नसलेल्या स्त्रियांत 12 आणि गरोदरपणाच्या पहिल्या व शेवटच्या तिमाहीत 11 ग्रॅम प्रति डेसिलिटर यापेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. 2024 च्या मार्गदर्शिकेत गरोदरपणाच्या मधल्या तिमाहीसाठी आणि सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांसाठी ही मर्यादा 10.5 ठेवली आहे. गरोदरपणी रक्तातला द्रवभाग पेशींपेक्षा जास्त वाढतो, म्हणून तेव्हा थोडी घट अपेक्षितच असते. उलट उलट्या-जुलाबांनी शरीरातले पाणी कमी झाले असेल तर हिमोग्लोबिन खोटे चांगले दिसते.

हिमोग्लोबिनच्या खाली तांबड्या पेशींची संख्या, पीसीव्ही, एमसीव्ही, एमसीएच, एमसीएचसी आणि आरडीडब्ल्यू असे रकाने असतात. पीसीव्ही म्हणजे रक्ताच्या शंभर भागांत तांबड्या पेशींनी व्यापलेले भाग. एमसीव्ही म्हणजे एका पेशीचे सरासरी आकारमान. ते 80 ते 100 फेम्टोलिटर असावे. एमसीएच म्हणजे एका पेशीतले सरासरी हिमोग्लोबिन, साधारण 27 ते 32 पिकोग्रॅम. आरडीडब्ल्यू पेशींच्या आकारातली तफावत दाखवते. ती साधारण साडेचौदा टक्क्यांच्या आत असते.

या निर्देशांकांची कल्पना मॅक्सवेल विंट्रोब या अमेरिकेतल्या रक्तविकारतज्ज्ञाने 1930 च्या सुमारास रूढ केली. त्या काळी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली हाताने मोजत, पीसीव्ही नळीत रक्त गरगर फिरवून मोजत, आणि त्यांवरून पेशीचे आकारमान हिशेबाने काढत. मग वॉलेस कूल्टर यांनी पेशींना एका बारीक छिद्रातून एकेक करून जायला लावले. पेशी छिद्रात आली की तेवढ्यापुरता विजेचा प्रवाह अडतो, आणि पेशी जितकी मोठी तितका अडथळा मोठा. 1953 मध्ये त्यांना या पद्धतीचे पेटंट मिळाले. त्यामुळे हिशेब उलटला: आज बहुतेक यंत्रे पेशीचे आकारमान थेट मोजतात आणि पीसीव्ही त्यावरून काढतात.

एक साधा पडताळा वाचकालाही घेता येतो. पेशी सर्वसाधारण आकाराच्या असतील तर हिमोग्लोबिनची तिप्पट ही पीसीव्हीच्या जवळपास येते. हिमोग्लोबिन 12 असेल तर पीसीव्ही 36 च्या आसपास हवा. पेशी लहान आणि फिकट असतील तर हा मेळ थोडा बिघडतोच, पण फरक फारच मोठा असेल तर नमुना गोठला होता का, त्यातल्या पेशी फुटल्या होत्या का, हे प्रयोगशाळेला विचारावे.

आकारावरून कारणाकडे

एमसीव्ही 80 च्या खाली असेल तर पेशी लहान, म्हणजे मायक्रोसायटिक. 100 च्या वर असेल तर मोठ्या, म्हणजे मॅक्रोसायटिक. मधे असेल तर नॉर्मोसायटिक. लहान पेशींची आपल्याकडची दोन मुख्य कारणे म्हणजे लोहाची कमतरता आणि थॅलेसेमियाचा वाहक असणे. मोठ्या पेशी बी-12 किंवा फोलिक ॲसिडच्या कमतरतेत दिसतात. दारू, यकृताचे विकार, मंदावलेली थायरॉइड ग्रंथी आणि काही औषधांमुळेही दिसतात. नेहमीच्या आकाराच्या पेशी असूनही हिमोग्लोबिन कमी असेल तर नुकताच झालेला रक्तस्राव, मूत्रपिंडाचा विकार, क्षयरोगासारखा रेंगाळणारा संसर्ग किंवा सांध्यांचा जुना दाह यांचा विचार होतो.

मोठ्या पेशींच्या रक्तक्षयाचा एक मोठा अध्याय मुंबईत लिहिला गेला आहे. 1928 मध्ये लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर परळच्या हाफकिन संस्थेत गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करायला आल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांत गरोदरपणी भयंकर रक्तक्षय होत होता. त्यांच्या तांबड्या पेशी मोठ्या होत्या, बी-12 शोषले न गेल्याने होणाऱ्या पर्निशस ॲनिमियासारख्या. पण त्या आजारात होणारी मज्जातंतूंची हानी त्यांच्यात दिसत नव्हती. विल्स यांनी संसर्गाचा शोध घेतला, मग आहाराकडे वळल्या. आधी उंदरांवर, पुढे माकडांवर प्रयोग करून त्यांनी दाखवले की यीस्टचा अर्क दिला की रक्त सुधारते. तो अर्क म्हणजे पावाला लावायचे स्वस्त मार्माइट. पर्निशस ॲनिमियाला लागू पडणारा यकृताचा शुद्ध केलेला अर्क या स्त्रियांना उपयोगी पडत नव्हता. म्हणजे कमी असलेली वस्तू निराळी होती. 1931 मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. दहा वर्षांनी पालकाच्या पानांतून तो घटक वेगळा काढण्यात आला आणि पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक ॲसिड हे नाव मिळाले. आज गरोदर स्त्रीला सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोहाबरोबर 500 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते. त्यामागे परळमधले हे काम आहे. पेशी लहान की मोठी, एवढ्या एका प्रश्नाचा नीट पाठपुरावा केला तर केवढे हाती लागते, याचा याहून चांगला दाखला नाही.

सारखे दिसणारे दोन अहवाल

समजा, दोन तरुणींचे अहवाल शेजारी ठेवले आहेत. पहिलीचे हिमोग्लोबिन 9, तांबड्या पेशी 40 लाख, पीसीव्ही 28, एमसीव्ही 70, आरडीडब्ल्यू 18. दुसरीचे हिमोग्लोबिन साडेदहा, तांबड्या पेशी 56 लाख, पीसीव्ही 33.6, एमसीव्ही 60, आरडीडब्ल्यू 14.5. दोघींच्या शेऱ्यात ‘मायक्रोसायटिक हायपोक्रोमिक’, म्हणजे लहान आणि फिकट पेशी, असेच लिहिले जाईल. नुसता शेरा वाचला तर दोघींना लोह द्यावेसे वाटेल.

आता पेशींची संख्या पाहा. पहिलीच्या शरीरात कच्चा माल नाही, म्हणून पेशी लहान आहेत आणि कमीही आहेत. दुसरीच्या पेशी आणखी लहान आहेत, पण संख्येने भरपूर आहेत. अस्थिमज्जा जोमाने काम करते आहे, दोष हिमोग्लोबिनच्या घडणीत आहे. एमसीव्हीला लाखांऐवजी दशलक्षांत मांडलेल्या पेशीसंख्येने भागले तर पहिलीत 70 भागिले 4, म्हणजे साडेसतरा येतात. दुसरीत 60 भागिले 5.6, म्हणजे 11 च्या आत. हे मेंट्झर यांचे गुणोत्तर. ते 13 च्या खाली असेल तर थॅलेसेमियाच्या वाहकत्वाचा संशय घ्यायचा, वर असेल तर लोहाच्या कमतरतेचा. हा केवळ इशारा आहे. खात्रीसाठी पहिलीचे फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तपासायचे आणि दुसरीची एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजणारी चाचणी, करायची. त्यात हिमोग्लोबिन ए-2 साडेतीन टक्क्यांच्या वर असेल तर ती बीटा थॅलेसेमियाची वाहक असण्याची दाट शक्यता असते. लोह फारच कमी असेल तर हा ए-2 खोटा कमी येऊ शकतो, म्हणून कधी कधी लोह भरून काढून चाचणी पुन्हा करावी लागते.

वाहक व्यक्ती आजारी नसते. पण नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक असते, आणि त्या बाळाला आयुष्यभर रक्त चढवावे लागते. सिंधी, पंजाबी, कच्छी, लोहाणा अशा काही समाजांत वाहकांचे प्रमाण जास्त आहे, पण अन्य समाजांतही ते आढळतात. दुसऱ्या तरुणीला लोहाची बाटली देऊन घरी पाठवले तर तिचे हिमोग्लोबिन फारसे वाढणार नाही, आणि लग्नाआधी कळायला हवी ती गोष्ट राहून जाईल. इथे चुकीचा अंदाज एका कुटुंबाला आयुष्यभर भोवतो.

सरासरीत लपलेले

एमसीव्ही ही सरासरी आहे, आणि सरासरी फसवते. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, बी-12 कमी असेल तर मोठ्या. दोन्ही एकाच वेळी कमी असतील तर अर्ध्या लहान, अर्ध्या मोठ्या आणि सरासरी 88, अगदी ‘नॉर्मल’. शाकाहारी आणि दूधदुभतेही कमी असलेल्या जेवणात हे दोन्ही एकत्र कमी पडणे आपल्याकडे नवलाचे नाही. अशा वेळी आरडीडब्ल्यू वाढलेली असते, आणि रक्ताची काचपट्टी पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला दोन जातींच्या पेशी समोर दिसतात. तो शेरा लिहितो: ‘डायमॉर्फिक’.

यंत्र लाखो पेशी सेकंदांत मोजते, पण फुटलेल्या पेशीचा तुकडा, लक्ष्यासारखी वर्तुळे असलेली टार्गेट सेल, विळ्यासारखी वाकलेली पेशी किंवा पेशीच्या आत बसलेला मलेरियाचा परजीवी ओळखायला अजूनही माणसाची नजर लागते. म्हणून आकडे अनपेक्षित असतील तर ‘पेरिफेरल स्मिअर’ पाहिला का, हे अवश्य विचारावे.

सीबीसी जिथे गप्प राहते

सिकल सेलचा वाहक असलेल्या माणसाची सीबीसी बहुधा पूर्ण ठीक येते. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा या पट्ट्यांत, आदिवासी आणि अन्य काही समाजांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याची पहिली चाळणी सोल्युबिलिटी चाचणीने होते. ती वाहक आणि रुग्ण यांत फरक करू शकत नाही, आणि काही महिन्यांच्या बाळात भरवशाची नसते. म्हणून ती पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावीच लागते. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत या आजाराचे निर्मूलन असे उद्दिष्ट ठेवले आहे. तपासणीचे कार्ड हाती पडणे पुरेसे नाही. त्यावरच्या ‘वाहक’ या शब्दाचा अर्थ गावातल्या मुलामुलींना कोणीतरी बसून समजावून सांगायला हवा.

पेशी कमी तयार होतात की जास्त फुटतात, हेही सीबीसी एकटी सांगत नाही. त्यासाठी रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या पेशी मोजतात. हिमोग्लोबिन कमी आणि कोवळ्या पेशीही कमी, तर निर्मितीत खोट आहे. कोवळ्या पेशी वाढलेल्या, बिलिरुबिन आणि एलडीएच चढलेले, तर पेशी फुटत आहेत किंवा नुकतेच रक्त गेले आहे. लोहाचा साठा फेरिटिनवरून कळतो. निरोगी प्रौढात ते 15 मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली असणे म्हणजे साठा संपलेला. पण संसर्ग किंवा दाह असेल तर फेरिटिन वर चढते आणि रिकामा साठा भरलेला दिसतो. म्हणून सोबत दाह दाखवणारी सीआरपी पाहतात.

दोन लोकप्रिय तपासण्यांचेही धागे तांबड्या पेशींशी जोडलेले आहेत. ईएसआर म्हणजे नळीत उभ्या ठेवलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात ते. दाहात ते वाढते, तसे नुसत्या रक्तक्षयातही वाढते. त्यावरून एकट्याने कोणताच आजार ठरत नाही. मधुमेहातली एचबीए1सी तपासणी पेशीच्या 120 दिवसांच्या आयुष्यावर बेतलेली आहे. पेशी लवकर फुटत असतील तर साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. लोहाच्या कमतरतेत तो खोटा जास्त येऊ शकतो. मधुमेह आणि रक्तक्षय दोन्ही असलेल्या रुग्णाने ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी.

निष्कर्ष

लोहाची कमतरता हेच आपल्याकडचे सर्वांत मोठे कारण आहे, यात शंका नाही. शाळेतली निळी गोळी आणि गरोदरपणातली लाल गोळी यांनी फार मोठे काम केले आहे, त्या घेणे कोणीही परस्पर थांबवू नये. जेवणाबरोबर चहा टाळावा, लिंबू किंवा आवळा असावा, हाही सल्ला खरा आहे. पण लोहाची कमतरता हेसुद्धा अंतिम उत्तर नव्हे. पाळीत जास्त रक्त जाते का, जंत आहेत का, हे पाहायला हवे. पन्नाशीपुढच्या पुरुषात किंवा पाळी गेलेल्या स्त्रीत लोह कमी आढळले तर जठरातून वा आतड्यातून रक्त जाते आहे का, हे तपासल्याशिवाय थांबू नये. आतड्याच्या कर्करोगाची पहिली खूण कधी कधी एवढीच असते. योग्य निदान होऊन लोह सुरू झाले तर महिन्याभरात हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमने चढायला हवे. चढले नाही तर गोळी बदलण्याआधी निदान तपासावे. आणि आकडा ठीक झाल्यावरही साठा भरण्यासाठी साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. बहुतेक जण नेमके तिथेच थांबतात.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. पुढच्या वेळी घरात कोणाचे हिमोग्लोबिन कमी आले तर अहवाल डॉक्टरांपुढे ठेवून तीन प्रश्न विचारा: पेशी लहान आहेत की मोठ्या, त्या कमी तयार होत आहेत की फुटत आहेत की बाहेर जात आहेत, आणि त्याचे कारण काय? जुने अहवाल फेकू नका. दहा वर्षांपूर्वीचा एमसीव्हीसुद्धा 60 च असेल तर तो एक आकडा नव्या दहा तपासण्यांइतका बोलका ठरतो. आणि लग्नाच्या वयाच्या मुलामुलींची एकदा तरी एचपीएलसी करून घ्या.